कडू वगळून

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी पुन्हा नोकरदार. मी शिकवत होते तो क्लास बंद पडल्यापासून घरात बसून डब्यांना झाकणं जुळवत होते, त्यातून सुटले. ऑफिस पुंडलिकनगरातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. खाली ब्लाऊज शिवणाऱ्या बाई, वर आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि मालक इंद्रजीत. हा दहावीला माझ्याकडं मराठी शिकायला होता. ऱ्हस्व-दीर्घाची त्याला कधी जाण नव्हती, अजूनही नाही. मला 'मॅडम' म्हणतो आणि पगार तोच देणार आहे, म्हणून दोघंही जरा अवघडून बसतो.

काम मजेचं आहे. 'पडाव' नावाची सेवा. मेंढरं घेऊन फिरणारे लोक आणि मेंढरं आपल्या रानात बसवू पाहणारे शेतकरी फोनवर निरोप बोलतात. फोन ते आपोआप लिहून घेतो. रोज सकाळी आठला सगळे निरोप एकत्र करून सगळ्यांना जातात. एक निरोप म्हणजे एक ओळ: आधी नाव, मग गाव, मग मजकूर. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढरांना चारा. जाण्याआधी फोननं भलतंच काही लिहिलंय का ते मी बघायचं.

पहिल्याच दिवशी एक ओळ फार आवडली. "कडूबा, कन्नड: काल लांडगा आल्ता. सूनबाई म्हणती तरस व्हतं. म्या काय तोंड बघाया थांबलो नाय."

घरी नवऱ्याला, सुदर्शनला, वाचून दाखवली. तो वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेला, फक्त "हं" म्हणाला. माझ्या नोकरीचं त्याला काही वाटलेलं दिसत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस धुमसत होतं, आज भांडण पेटलं! फुलंब्रीच्या बन्सी नावाच्या शेतकऱ्यानं रान मोकळं करून ठेवलं आणि येतो म्हणालेला मेंढपाळ आलाच नाही. बन्सीनं त्याला 'कडू' म्हटलं. आमच्या भागात ही शिवी थेट जन्मावर जाते, कशी लागते ते सांगायला नको. मग त्यानं बन्सीला 'तू कडू, तुझा बा कडू'. मग दोन्हीकडून माणसं उतरली. मध्येच आमचे कन्नडचे कडूबा: "भांडू नका रं. वाटंत मेंढरू आजारी पडलं तर माणूस कसा येईल?" कुणी ऐकलं नाही.

दुपारी एका गावच्या बचत गटाच्या बाईंचा फोन आला. तिथं सकाळी हे निरोप फोन मोठ्यानं वाचतो आणि सगळ्या जणी ऐकतात. म्हणाल्या, "चहाच्या टायमाला हे ऐकायचं का आम्ही? लेकरं बसलेली असत्यात."

इंद्रजीत म्हणाला, "मॅडम, ज्या ओळीत कडू शब्द आहे ती ओळच वगळायची. तुम्ही शिका, सोपं आहे."

सोपं! मला साधं वॉशिंग मशीन लावताना धडधडतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जमलं!! लिहून ठेवते, म्हणजे उद्या विसरणार नाही:

^(?!.*कडू).*$

बघितलं तर मांजर कीबोर्डवरून गेल्यासारखं दिसतं, पण अर्थ आहे. टोपीसारखी खूण म्हणजे ओळीच्या सुरुवातीला उभं राहा. कंसातलं म्हणजे पाऊल न टाकता पुढं डोकावून बघ, कुठं 'कडू' दिसतोय का. दिसला तर ही ओळ सोड. नाही दिसला तर अख्खी ओळ घे. उंबऱ्यावर उभं राहून पाहुणा कोण आलाय ते बघायचं आणि मगच दार उघडायचं, तसं. आमची आत्या आयुष्यभर हेच करत आली.

कालच्या ओळींवर चालवलं. शिव्या सगळ्या गळाल्या. इंद्रजीतनं समोसे मागवले. मी सुदर्शनला रात्रीच्या जेवणात कागदावर काढून दाखवलं. त्यानं कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. बहुतेक किराणा लिहायला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शांतता. गेले चार दिवस 'पडाव' म्हणजे नुसतं सद्गृहस्थांचं संमेलन. बचत गटाच्या बाईंनी आभार मानले.

लांडगेवाले कडूबा मात्र गप्प आहेत. सुदर्शननंच विचारलं, पोळी मोडता मोडता: "तुमच्या त्या कडूबाचं काही येईना झालं."

"तुला काय माहीत?"

"आठला येतं ना, मीही नाव नोंदवलंय. शिफ्टच्या चहाला वाचतो आम्ही सगळे."

म्हटलं, भांडणाला कंटाळले असतील म्हातारबाबा. नाहीतर डोंगरात रेंज नसेल. सुदर्शन हल्ली फोनमध्ये फार डोकं घालतो, बोललं पाहिजे एकदा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

इंद्रजीत काळजीत. कन्नडकडचे मेंढपाळ सेवा सोडायला लागलेत. म्हणतो, एखादा दुसरी सेवा काढतोय का बघा. मी म्हटलं, थंडी वाढलीय, लोक आळसावले असतील. काय बोलले हे! थंडीत मेंढरं घेऊन उघड्यावर झोपणारी माणसं आळशी?

१५ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसात एका बाईचा फोन. आवाज तरणा, पण कोरडा. "मी रत्नमाला. कन्नडच्या कडूबाची सून. तुमी आमचं का टाकीत नाय?"

मी म्हटलं, तुमचा निरोपच आला नाही.

"रोज बोलतो की. रान पायजे, रान पायजे. कुणी बोलवंना. मंग रस्त्याच्या कडंला बसलो. काल कोकरू ट्रकखाली गेलं."

मी रेंजचं विचारलं. ती म्हणाली, "रेंज चांगली हाय ताई. तुमच्याशी बोलतीय ना त्याच फोनवरून?" आणि ठेवला.

इंद्रजीत म्हणाला त्यांचा फोन बिघडला असेल. मीही तसंच धरून चालले होते, पण कोकरू डोक्यातून जाईना. सुदर्शनला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "उद्या रविवार आहे. गाडीत पेट्रोल आहे. जाऊन बघू त्यांचा फोन."

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

सकाळी रत्नमालाला ठिकाण विचारून निघालो. वेरूळच्या अलीकडं गाड्यांची ही गर्दी, त्यातून मोटारसायकल काढता काढता सुदर्शनला घाम फुटला. हतनूरच्या पुढं रस्त्याला लागून कळप दिसला. एक घोडं, त्याच्यावर पोरांसारखी बसवलेली कोकरं, आणि लाल पटक्यातले कडूबा. रत्नमालानं चहा दिला. कडूबा मात्र आमच्याकडं पाठ करून बसले.

मी म्हटलं, "मामा, तुमचा फोन बघायला आलोय."

"फोन चांगला हाय."

"मग निरोप का येत नाहीत ते बघू."

"येत नाय कशाला? तुमीच घेत नाय." मग वळले. "तुमी शेरातली माणसं, जमीनवाल्याच्या बाजूची. बन्सीनं शिव्या दिल्या तर चालतंय. म्या भांडू नका म्हणलं तर मलाच बंद केलं. माझंच न्हाय, लाडसावंगीच्या कडूबाचं बी बंद. आमच्या पाव्हण्यातला एक कडूबा हाय, त्याचं बी. आमी भाऊकीत बोलतो ना! गरिबाचं तोंड दाबाया सोपं."

मी फोन हातात घेतला. निरोप सगळे गेलेले. रोजच्या रोज. आमच्याकडं पोचलेले. मला खरंच काही कळेना. म्हटलं, "मामा, शपथ, मी तुमचा एकही निरोप काढला नाही. मला तर तुमचे निरोप आवडतात."

रत्नमाला हसली, तेवढ्यानं वातावरण जरा सैल झालं. सुदर्शननं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मामा, कडूबा नाव कसं काय पडलं?"

"माझ्या आधीची लेकरं जगली न्हाईत. मंग आईनं माझं नाव असं ठिवलं. कडू असलं की कुणी तोंड लावत न्हाय, सोडून देतंय. बहीण झाली तिचं दगडाबाई. आमी दोघं बी म्हातारे झालो बघा."

'कडू असलं की सोडून देतंय.' मी ते ऐकलं आणि कप खाली ठेवला. सुदर्शन आधीच माझ्याकडं बघत होता. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. तोच, माझा. रोज बरोबर घेऊन फिरत होता की काय कोण जाणे.

क, डू. पुढं बा असला काय आणि नसला काय, उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माझ्या मशीनला तेवढं पुरेसं होतं. माणूस काय बोलतोय ते ऐकायच्या आधी, नाव सांगता सांगताच दार बंद.

मी त्यांना समजावलं. अर्धं समजावलं आणि अर्धी रडले. कडूबांनी दाढी खाजवली.

"म्हंजी काळानं सोडावं म्हून नाव ठिवलं. त्यानं सोडलं. अन् तुमी बी सोडलं."

"चुकलं, मामा."

"कोकराची आई दोन दिस रस्त्याकडं तोंड करून उभी हाय," रत्नमाला म्हणाली. तिनं हे रागानं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

उठताना मी वचन दिलं: उद्या सकाळी आठला तुमचा निरोप जाणार.

परतीच्या वाटेवर सुदर्शन एवढंच म्हणाला, "चालायचं. नवीन आहेस." मी त्याच्या पाठीला डोकं टेकून बसले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजच्याइतकी लाज मला बारावीला गणितात नापास झाले तेव्हाही वाटली नव्हती.

काल संध्याकाळीच इंद्रजीतला फोन केला होता. तो म्हणाला, काही नाही मॅडम, शब्दाच्या दोन्ही बाजूंना कुंपणाची खूण लावू. \b अशी. मग सुटा 'कडू' तेवढाच धरेल, 'कडूबा'ला हात लावणार नाही. इंग्रजीत हे त्यानं हजारदा वापरलंय. त्यानं घरूनच बदललं आणि मी निवांत झोपले.

आज आठला निरोप गेले. त्यात शिव्या होत्या. सगळ्या. बन्सीच्या नव्या कोऱ्या. आणि कडूबा? एकही नाही. अख्ख्या जिल्ह्यातला एकही कडूबा नाही!

मी आणि इंद्रजीत दुपारपर्यंत डोकं धरून बसलो. शेवटी सापडलं. ते कुंपण अक्षर कुठं संपतं ते बघतं, आणि या मशीनच्या लेखी आपला ऊकार म्हणजे अक्षरच नाही, नुसतं टिंबटिंब. 'कडू' नंतर मोकळी जागा आली तरी त्याला शब्द संपल्याचं कळत नाही. उलट 'कडूबा'मधला ब दिसला की त्याला वाटतं, आता कुठं अक्षर सुरू झालं, म्हणजे इथं कुंपण. थोडक्यात, शिवीला मोकळं रान आणि म्हाताऱ्याला दार बंद.

इंद्रजीत म्हणाला, "मॅडम, ऊकारानं दहावीतपण माझा असाच घात केला होता." मला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली.

बचत गटाच्या बाईंचा फोन आला. लिहीत नाही.

कडूबांना फोन केला. रत्नमालानं घेतला. "मामा म्हणत्यात, ऱ्हाऊ द्या आता."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज कुंपण स्वतः घातलं. 'कडू'च्या आधी मोकळी जागा किंवा ओळीचं टोक, नंतरही तसंच, तरच ती शिवी समज. आधी तपासलं. कडूबा, कडूबाळ, कडूबाची सून, सगळी नावं घालून बघितली. इंद्रजीतला एका बाजूला बसवून शिव्या द्यायला लावल्या. खालच्या शिवणाऱ्या बाई जिन्यात येऊन विचारून गेल्या, सगळं बरं आहे ना.

'कडूच्या', 'कडूला' सुटतात. सुटू देत. बचत गटाला मी समजावीन.

आणखी एक केलं. वगळलेल्या ओळी आता हवेत जात नाहीत. एका बाजूला पडून राहतात आणि आठच्या आधी मी वाचायच्या. इंद्रजीत म्हणाला, मग मशीनचा उपयोग काय? मी म्हटलं, मशीननं बाजूला काढायचं. टाकायचं की नाही ते मी बघीन. माझ्याकडं शिकलेला आहे, कुठं गप्प बसायचं ते त्याला कळतं.

मागचे सगळे कडूबांचे निरोपही मूळ साठ्यातून शोधून आज पाठवले, माफी मागून. रत्नमालाला फोन केला, तिनं "बरं" म्हटलं. संध्याकाळी फुलंब्रीकडच्या एका शेतकऱ्यानं त्यांना रानात बोलावलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं आठवेल तसं लिहिते, अक्षर वेडंवाकडं येईल.

सकाळी गॅसवर चहा ठेवून बाजूला काढलेल्या ओळी वाचत होते. दोन-तीन शिव्या नेहमीच्याच. आणि खाली:

"कडूबा, कन्नड: फुलंब्रीच्या वाटंला पुलाजवळचा हौद. मेंढरं तोंड लावनात. म्या बोट बुडवून जिभंला लावलं. पाणी कडू हाय. कुणी पाजू नका."

पाणी कडू हाय. शिवी नाही, साधा शब्द. माझ्या नव्या, तपासलेल्या, शहाण्या कुंपणानं अगदी नियमात बसून हीच ओळ बाजूला काढली होती. आणि कालच्या निरोपांत धोंडिबा म्हणून एक मेंढपाळ विचारत होता, उद्या सकाळी पुलाजवळ पोचतो, तिथं पाणी हाय का? आज जाणाऱ्या निरोपांत बन्सीचं उत्तर: "हाय, हौद भरलाय, या."

चहा उतू गेला. मी ती ओळ सगळ्यांत वर घालून आठची वाट न बघता पाठवली. धोंडिबाला फोन लावला, उचलेना. मेंढरं हाकताना कोण फोन बघतं? सुदर्शन दाढी अर्धी ठेवून बाहेर आला. म्हणाला, "त्या बन्सीला लाव. त्याचं रान तिथंच आहे."

बन्सीला मी कधी फोन केला नव्हता. त्याच्या ओळी किती वेळा वगळल्या होत्या तेवढाच परिचय. एका दमात सांगितलं.

"कोण म्हणलं पाणी कडू?"

"कन्नडचे कडूबा."

तो म्हणाला, "ते म्हातारं उगं बोलत नाय. थांबा," आणि पुढं फक्त धावल्याचा आवाज.

नंतर त्यानंच सांगितलं. तो पोचला तेव्हा धोंडिबाची मेंढरं पाणी बघून सुटली होती. हा गडी हौदासमोर मोटारसायकल आडवी टाकून हातात टॉवेल फिरवत उभा. कळपातल्या दोन शेळ्यांनी तोंड घातलंच. त्या तोंडाला फेस येऊन पडल्या. तालुक्याचे डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली. एक दुपारी उठली, दुसरीचं संध्याकाळपर्यंत काही खरं नव्हतं, मग तीही उठली. बाकी कळप वाचला. कुणीतरी फवारणीचा पंप हौदात धुतला होता.

सुदर्शन आज अर्ध्या दाढीनंच कामावर गेला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाजूला काढलेल्या ओळींत बन्सी: "कन्नडच्या कडूबानं सांगितलं म्हून कळप वाचला. अन् ज्या कडू माणसानं हौदात पंप धुतला तो मला घावला पायजे." मी ती पाठवली, जशीच्या तशी. बचत गटाच्या बाईंना आधी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्या टायमाला चालंल."

इंद्रजीतनं नवी युक्ती काढली: 'पाणी कडू' असेल तर ती ओळ जाऊ द्यायची. मी म्हटलं, चारा कडू असला तर? दूध कडू? औषध? काकडी? तो पेन चावत बसला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्हीच वाचा."

सुदर्शननं मित्रांना सांगितलंय म्हणे, की आठच्या आधी सगळं माझी बायको वाचते. वाळूजमधल्या अर्ध्या कंपनीला माझं नाव माहीत झालंय. मला वाटत होतं याला काही पडलेलंच नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कडूबांचा स्वतःचा फोन आला, पहिल्यांदाच. बन्सीनं त्यांना रानात बसायला बोलावलंय. "जेवाया बी वाढलं त्यानं. शिव्या देत देत वाढलं." मग म्हणाले, "ताई, रत्नमाला सांगती ते खरं का? म्या बोलतो ते तुमी वाचता?"

"हो मामा. रोज."

"सगळं?"

"सगळं."

"आरं देवा. मला वाटायचं मशीनच ऐकतंय. म्हून काय बी बोलायचो."

म्हटलं, तसंच बोलत जा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज बाजूला काढलेलं काहीच नव्हतं. जाणाऱ्या निरोपांत, बरोबर मध्ये, ही ओळ:

"कडूबा, कन्नड: ताई, च्या पिली का? कोकराची आई आता चरती. दुसऱ्याचं पिल्लू लावून घेतलं तिनं."

दोनदा वाचली. यात रान नाही, पाणी नाही, लांडगाही नाही. कुणाच्या कामाचं काही नाही. ही एक ओळ मी हातानं काढून घेतली, कुणालाच पाठवली नाही.

मग फोन लावला आणि सांगितलं, पिले मामा, आत्ताच.